पाच खोल्यांचे नाना

इनामगावात पाच खोल्यांची नावाजलेली घरं दोनच. एक तीन हजार वर्षांपूर्वीचं, घोड नदीच्या काठी उकरून काढलेलं. दुसरं नानांचं. पहिल्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात मांडी घालून पुरलेला एक माणूस सापडला. तो गावचा पुढारी असावा असं उत्खनन करणाऱ्यांनी ठरवलं आणि तो थेट एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात जाऊन बसला. दुसऱ्या घराचे मालक ओट्यावर चार पायांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसतात. गावचे पुढारी आपणच, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं आहे. पुस्तकात मात्र अजून कुणी घेतलेलं नाही.

नानांच्या पाच खोल्या म्हणजे एक चाळच. दहा बाय बाराच्या, ओळीनं, वर सिमेंटचा पत्रा, पुढे सामाईक ओटा, टोकाला एक संडास. प्रत्येक दारावर सबमीटर आहे आणि पाचही सबमीटर महावितरणच्या मीटरपेक्षा चपळ आहेत. पाणी दिवसाआड. जवळच्याच पांढरीत तीन हजार वर्षांपूर्वी पाट काढून पाणी फिरवल्याच्या खुणा सापडल्यात, पण तो विषय नानांपुढे काढायचा नसतो.

खोल्या मागायला येतात ती माणसं ठरलेली. जिल्हा परिषदेचे गुरुजी, बँकेतला कॅशियर, जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस, मोबाईलच्या दुकानातला पोरगा, हंगामात एखादा कारखान्याचा स्लिप बॉय. तरीही नानांच्या पाचही खोल्या एका वेळी भरल्यात, असं कधी झालेलं नाही. तिकडे कारेगावात, रांजणगावच्या एमआयडीसीच्या तोंडाशी, नानांच्या मेहुण्याची बावीस खोल्यांची चाळ आहे. फ्रीज-टीव्हीपासून मोटारींपर्यंत काय काय बनवणारी पोरं तिथं राहतात. एक शिफ्ट उठली की दुसरी त्याच गादीवर पडते. मेहुणा आधी ॲडव्हान्स घेतो आणि मग जमलं तर नाव विचारतो. नानांना हे पटत नाही. "धर्मशाळा हाय का ती," म्हणतात. "घरमालकाची समाजाला काय जबाबदारी हाय का न्हाय? कुणाला बी आणून गावात सोडायचं?"

ही जबाबदारी पार पाडताना नाना कसे दिसतात, ते एकदा बघण्यासारखं आहे. येणाऱ्याला ओट्याच्या खाली उभा करतात. चहा सांगत नाहीत, पाणी देतात. तांब्या तोंडाला लावून पितो की वरून, हे पाहायचं असतं. मग सुरू.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"बीड."

"बीड म्हंजी खुद्द बीड, का तालुका?"

"गेवराई."

"गेवराईत कुठं?"

गाव कळलं की त्या गावच्या पलीकडच्या गावात नानांचा कुणीतरी व्याही, साडू किंवा निदान कांदा घेणारा व्यापारी निघतोच. न निघाला तर तो संशयाचा पहिला मुद्दा. मग आडनाव. पण आडनावावर नाना विसंबत नाहीत. पवार, जाधव, गायकवाड कुणीही असतो, हे त्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून पुढचा प्रश्न कुलदैवत. देव खोटा सांगता येत नाही, असा त्यांचा अनुभव. त्यानंतर लग्न, पोरं किती, मटण करता का, केलं तर वास कुठल्या खिडकीतनं जाईल, रात्री किती वाजता येणार, पाव्हणेरावळे महिन्याला किती, आणि एक अगदी जिव्हाळ्याचा, "झोपेत घोरता का? मधली भिंत चार इंची हाय." पगार किती हा प्रश्न शेवटी येतो, कधी कधी राहूनही जातो. भाडं देणं या माणसाला परवडेल का, एवढी एकच गोष्ट या सगळ्या चौकशीतून नीट कळत नाही.

नाना हे सगळं शास्त्रीय पायावर करतात. त्यांचं शास्त्र म्हणजे उत्खनन. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजची माणसं हंगामागून हंगाम इनामगावात येत. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आमदारांच्या नावांइतकी पाठ आहेत. नाना मिसरूड फुटायच्या वयात तिथं पाट्या वाहायला होते. एक खापर उचलायचं, बोटानं पुसायचं आणि त्यावरून आख्खं घर सांगायचं, हे त्यांनी तिथं बघितलं. ते त्यांच्या अंगात मुरलं. आज भाडेकरूनं खोली सोडली की नाना झाडूवालीच्या आधी आत शिरतात. उदबत्तीच्या काड्या, औषधाची रिकामी पाकिटं, खिळ्याला राहिलेलं कॅलेंडर, मोरीच्या जाळीत अडकलेलं काय काय. तासाभरानं बाहेर येऊन ओट्यावर निकाल देतात, "बाईचं माहेर तालेवार होतं."

आणि निवडीचा आधारही तिथलाच. गावाच्या मधोमध पुढाऱ्याचं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, आसपास खातेपिते शेतकरी, आणि कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला, असा नकाशा खोदकामातून निघाला. नाना तो बोटानं धुळीत काढून दाखवतात. "बघा. तवाबी माणूस बघूनच जागा देत हुते. साहेबांनीच सांगितलंय." साहेबांनी असं सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. त्याच उत्खननात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडल्याचं दिसलं. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे. नानांचा तर्क वेगळा, "मागची बाकी ठिवून पळू न्हाय म्हणून."

इथपर्यंत नाना मला आवडतात. गावात आलेल्या पाहुण्याला मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर नेतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शाळेवर एक नवे गुरुजी बदलून आले, लातूरकडचे. गाव, तालुका, लग्न, नोकरी, सगळं मनासारखं. वरून पाणी प्यायले. कुलदैवत विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे देव नाहीत. बाबासाहेबांचा फोटो आहे." नाना गप्प झाले. मग आभाळाकडं बघत म्हणाले, "खोली तशी कालच गेली. पोरानं कुणाला तरी कबूल केलीया." पोरगा तेव्हा बंगळूरला होता. मागं उघड्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं, 'खोलि भाड्याणे देने आहे'. गुरुजींनी ते वाचलं. खिशातून खडू काढला, 'खोलि'ची वेलांटी दीर्घ केली, 'भाड्याणे'तला ण खोडून न केला, 'देने'तला न खोडून ण केला, आणि मोटारसायकलला किक मारून गेले. ते आता न्हावऱ्यातून जाऊन-येऊन करतात. खोली दसऱ्यापासून होळीपर्यंत बंद राहिली. पाटी अजून शुद्ध आहे. या प्रकाराला नाना चौकशी म्हणतात. याला दुसरं नाव आहे आणि ते नानांनाही ठाऊक आहे. म्हणूनच तर त्यांनी आभाळाकडं बघितलं.

त्यानंतरचं वर्ष २०२०. फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या धारकडचं एक जोडपं खोली विचारायला आलं होतं. कांदा काढायला आलेली माणसं, कडेवर पोरगी. नानांनी पहिल्याच प्रश्नाला वाटेला लावलं, "एम.पी.वाल्याला खोली न्हाय." आता गंमत अशी की इनामगावात सगळ्यात आधी, इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला, वस्ती करणारे लोक ज्या संस्कृतीचे, तिचं नाव माळवा. धार माळव्यातच. ती माणसं तिकडूनच खाली उतरली, असं पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं. त्यांना कुणी कुलदैवत विचारलं नाही, कारण विचारायला इथं कुणी नव्हतं.

मार्चअखेर टाळेबंदीत सगळं बंद झालं. ते जोडपं एका बंद पडलेल्या कांदाचाळीत अडकलं. बिबट्याचा बोभाटा रोजचाच. तिसऱ्या रात्री नाना स्वतः बॅटरी घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले. तीन नंबरची खोली उघडली, दोन गोधड्या दिल्या. एक प्रश्न नाही. नानी रोज भाकरी टाकायची, ते निघून जाईपर्यंत टाकत राहिली. एप्रिलच्या १७ तारखेला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं, भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. पेपरातलं ते मी वाचून दाखवलं तर नाना उखडले, "घेतोच कुठं, तर पुढं ढकलू?"

मी विचारलं, फेब्रुवारीत नाही म्हणालात ना?

"तवा त्यो भाडेकरू हुता. आता अडकलेला माणूस हाय."

यावर काय बोलणार? पण खरी गोष्ट पुढेच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कामं सुरू झाली. त्या धारच्या माणसाच्या हातात चार पैसे आले. एका संध्याकाळी तो ओट्यापाशी आला आणि घडी केलेल्या नोटा पुढं धरल्या. म्हणाला, मागचं नंतर देतो, पण या महिन्यापासून भाडं घ्या, आम्ही इथंच राहतो. नाना खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागं पडली. नोटा हातानं ढकलल्या. विंचू दिसावा तसं माणूस नोटेकडं बघतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आठ दिवसांत गोड बोलून, वर शंभर रुपये पोरीच्या हातावर ठेवून, त्यांना वाटेला लावलं. फुकटात त्यांनी वर्षभर ठेवलं असतं. फुकट राहणारा उपकाराखाली असतो. भाडं देणाऱ्याला हक्क येतो, आणि नानांना माणसाचं कधीच भय नसतं, भय त्या हक्काचं असतं.

ते भय पुस्तकातलं नाही, नानांच्या घरातल्या लोखंडी पेटीतलं आहे. नानांचे वडील पुण्याच्या एका सावकाराचं कूळ होते. १९४८ चा कूळकायदा आला, मग १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन उजाडला आणि कसणारा कागदोपत्री मालक झाला. त्या कायद्याच्या कलम ३२ ग नं किंमत ठरली, हप्ते फिटले, ३२ म चा दाखला मिळाला. तो दाखला प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून पेटीच्या तळाशी आहे. पाडव्याला त्याला हळदकुंकू लागतं. सावकार शेवटचा खंड मागायला आला तेव्हा आजीनं त्याला ओट्याखाली उभा करून पाणी दिलं होतं, ही गोष्ट या घरात रामायणासारखी सांगतात. म्हणजे बघा, पाच पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबून ज्यांना कायद्यानं जमीन मिळाली, त्यांच्याच वारसाला रात्री स्वप्न पडतं ते असं की खोली नंबर चारमधला कॅशियर कूळ लागला. शेतजमिनीचा कायदा खोलीला लागत नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते म्हणतात, "सावकाराला बी कुणीतरी असंच सांगितलं आसंल."

म्हणून नाना पावती देत नाहीत. करार नाही, चिठ्ठी नाही, भाडं फोनवर घेत नाहीत कारण त्याची नोंद उरते. २०१० च्या फेब्रुवारीत पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हापासून भाडेकरूची माहिती पोलिसांत द्या असा तगादा वाढला. पोलीसपाटलानं नानांना अर्जांचा गठ्ठाच आणून दिला. नाना हरखले. इतके प्रश्न त्यांनाही सुचले नव्हते! मूळ पत्ता, ओळख देणारे दोघे, फोटो. प्रत्येक भाडेकरूकडून त्यांनी तो अर्ज नीट भरून घेतला, सही घेतली, फोटो चिकटवला. आणि पेटीत ठेवला, दाखल्याच्या वर. एकही अर्ज शिरूरला पोलिसांत गेला नाही. "सरकारी कागदावर आला की त्यो इथं ऱ्हातो हे शाबीत झालं," हा हिशेब. झाली चौकशी!

हा सगळा डोलारा एका दुपारी हडपसरला हलला. त्याची साक्ष मी प्रत्यक्ष दिलेली आहे.

नानांनी शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून वडिलांच्या त्या जमिनीतला एक तुकडा विकायला मोकळा केला आणि हडपसरला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, पोरगा परत येईल म्हणून. पोरगा आला नाही. फ्लॅट सहा महिने रिकामा, मेंटेनन्स चालू. शेवटी एजंटनं भाडेकरू आणला, अकोल्याची एक मुलगी, खराडीच्या कंपनीत कामाला. एकटी मुलगी म्हटल्यावर नाना नको म्हणत होते. मेंटेनन्सचं बिल बघून गेले, सोबत मला घेऊन.

रिकाम्या हॉलमध्ये खुर्ची नव्हती. नाना खिडकीच्या कट्ट्यावर बसले, ती उभी. पहिला प्रश्न विचारायला नानांनी घसा साफ केला, तेवढ्यात तिनंच विचारलं.

"काका, पाणी किती वेळ येतं?"

नानांना ते माहीत नव्हतं.

"उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोण देतं? तुम्ही की मी?"

"गीझर चालतो का? डिपॉझिट सोडल्यावर किती दिवसांत परत देता? मागचे भाडेकरू का गेले?"

"मागचं कुणी न्हाईच," नाना म्हणाले. मग जरा सावरून, "कुलदैवत कुठलं तुमचं?"

"तुमच्या कराराच्या मसुद्यात ते लागतं का?" तिनं एजंटकडं बघत विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं की तसा एखादा रकाना असेल.

एजंट घाईत होता, त्याला चार वाजता दुसरीकडं जायचं होतं. त्यानं लॅपटॉप उघडून नानांना कायदा सांगितला, पाठ झालेला असावा तसा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"आन् कागद न्हाईच केला तर भाडेकरू काय बी म्हनंल," नाना म्हणाले. हे त्यांचं हुकमाचं पान होतं. कागद नाही तर पुरावा नाही.

"बरोबर," एजंट म्हणाला. "तो म्हणेल तेच खरं धरतात. म्हणजे अटी काय ठरल्या होत्या, भाडं किती होतं, ते. उलट सिद्ध करायचं असेल तर तुम्ही करायचं."

नानांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मला वाटतं, खोल्या मोजत होते. "गावाला बी हेच?" त्यांनी हळूच विचारलं. एजंट म्हणाला, "गावाचं मला विचारू नका, माझं काम हडपसर-मगरपट्ट्यातलं."

मग अंगठे. पिशवीतून त्यानं काडेपेटीएवढं थंबचं मशीन काढलं. मुलीनं अंगठा टेकवला, लाल दिवा लागला, टिंग झालं, ती सिद्ध झाली. नानांनी टेकवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. एजंटनं मशीन शर्टाला पुसलं. नानांनी अंगठा धोतराला पुसला. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. पन्नास वर्षं दारं धरून, ऊस सोलून, कांद्याच्या गोण्या उचलून नानांच्या बोटांवर रेषा अशा उरलेल्याच नाहीत. रेशनच्या दुकानातही हीच रड असते, पण तिथं दुकानदार ओळखीचा. इथं लॅपटॉपवर सारखं तेच उमटत होतं, ओळख पटली नाही.

"म्हंजी मी कोन हे ह्याला कळंना?"

"तसं नाही काका, रिडिंग येत नाहीये."

"फ्लॅट माझा हाय."

"हो, पण ते मशीनला कसं कळणार?"

मुलीनं पर्समधून क्रीम काढलं. "हे लावून बघा काका, माझ्या बाबांचं पण असंच होतं. शेतकरीच आहेत ते." नानांनी ते क्रीम बोटभर घेतलं आणि चोळत असताना अगदी सवयीनं विचारलं, "तिकडं कापूस का सोयाबीन?" सोयाबीन, ती म्हणाली. यंदाचा भाव, मग गेल्या वर्षीचा, मग पीकविमा मिळाला का नाही. कुलदैवत मागं राहिलं. सातव्या की आठव्या खेपेला उजव्या हाताच्या करंगळीनं टिंग केलं. एजंटनं मला साक्षीदार म्हणून अंगठा द्यायला सांगितलं, तो पहिल्याच झटक्यात उठला. त्याचा नानांना राग आला, तो अजून गेलेला नाही.

ती मुलगी तिथं दुसऱ्या अकरा महिन्यांना आहे. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत नानांच्या खात्यात पडतं आणि नाना गावभर सांगतात, "पोरगी म्या निवडली. एका प्रश्नात वळखली." गावच्या खोल्यांचा करार करायचा का, हे विचारायला ते शिरूरच्या वकिलाकडं जाणार आहेत. कधी, ते ठरलेलं नाही. एक बदल मात्र लगेच झाला. परवा मोबाईलच्या दुकानातला नवा पोरगा खोली विचारायला आला. नानांनी त्याला ओट्याखाली उभा केला, पाणी दिलं आणि गाव, आडनाव, कुलदैवत या सगळ्याच्या आधी, डोळे बारीक करून, पहिला प्रश्न टाकला:

"अंगठा उठतो का?"